खेड्यात राहणाऱ्या पालकांनी लहान मुलांच्या प्रथमोपचाराचा वर्ग करावा का? दवाखाना वीस किलोमीटरवर आहे.

अवश्य करावा, मात्र जेथे बाहुलीवर प्रत्यक्ष सराव करून घेतात तोच वर्ग निवडावा, कारण केवळ ऐकलेली कृती ऐन वेळी आठवत नाही. (बाहुलीच्या पाठीवर माझी पहिली थाप इतकी हळुवार पडली की शिकवणाऱ्या ताईंना हसू आले.) भुईमुगाचा दाणा किंवा बोराची बी अडकून एक वर्षाखालील बाळाचे रडणे, खोकणे बंद झाले, तर त्याला हातावर पालथे व डोके खाली धरून पाठीवर, खांद्यांच्या मध्ये ५ थापा आणि मग उताणे करून छातीच्या मध्यभागी ५ दाब, असे वस्तू निघेपर्यंत आलटून पालटून द्यावे लागतात, मोठ्या मुलाला छातीऐवजी बेंबीच्या वर पोटावर दाब देतात. बाळ बेशुद्ध झाल्यास पुढे काय करायचे, तेही तेथेच शिकून घ्यावे. न दिसणारी वस्तू बोटाने काढू नये.

आपल्या कापसाच्या पट्ट्यात आणखी दोन गोष्टी आवर्जून विचाराव्यात. साप चावल्यास चिरा देणे, दोरी आवळणे टाळून चावलेला हात किंवा पाय स्थिर ठेवावा आणि १०८ ला फोन करावा. फवारणीचे औषध पोटात गेल्यास मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये; औषधाचा डबा मात्र दवाखान्यात सोबत न्यावा.