ॲसिड कमी आणि गॅस्ट्रिन जास्त, हे कसं काय?

प्रश्न: बाबा ६१ वर्षांचे आहेत, चार वर्षांपासून रोज सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल घेतात. आता जळजळ अजिबात नाही पण अर्धी भाकरी खाल्ली की पोट गच्च होतं, बी-१२ पण कमी आलंय. रक्तात गॅस्ट्रिन ४२० आलं, लॅबची मर्यादा १०० आहे. डॉक्टर दुर्बीण करा म्हणतात. हा कॅन्सर आहे का? आणि पित्त कमी झालं ते चांगलंच ना? – एक वाचक, सांगली

उत्तर: आधी बाबांना सांगा, फक्त गॅस्ट्रिन वाढलं म्हणून कॅन्सर म्हणता येत नाही. जठराच्या खालच्या भागातल्या पेशी हे हार्मोन सोडतात, ते वरच्या भागाला सांगतं की ॲसिड बनव, आणि ॲसिड पुरेसं झालं की या पेशी गप्प बसतात. ॲसिडच कमी पडलं तर त्या गप्प बसतच नाहीत, गॅस्ट्रिन चढत जातं. बाबांची गोळी ॲसिड दाबते, त्यामुळे आकडा नुसत्या गोळीनेही वाढला असेल.

पण जळजळ थांबली म्हणजे सगळं ठीक, असं मात्र धरून चालू नका. आपल्याकडे वाटतं जास्त पित्तामुळे कॅन्सर होतो, जठराच्या बाबतीत बऱ्याचदा उलट दिसतं. एच. पायलोरी जंतू वर्षानुवर्षं राहिला की अस्तर झिजतं, ॲसिड बनवणाऱ्या पेशी कमी होतात, बी-१२ पण शोषलं जात नाही, आणि अशा झिजलेल्या अस्तरात पुढे काहींना कॅन्सर होतो. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने या जंतूला कॅन्सरकारक ठरवलं. बी-१२ गोळीमुळेही कमी होऊ शकतं, म्हणून नक्की कारण बघायलाच हवं.

अगदी सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये गॅस्ट्रिन नॉर्मल असू शकतं, काहींचं ॲसिडही नॉर्मल असतं, म्हणून रिपोर्ट बरा आला तरी त्यावर विसंबू नका आणि दुर्बीण टाळू नका, प्लीज. आजार वरच्या थरांतच असताना सापडला तर बहुतेक पेशंट पूर्ण बरे होतात, कधी कधी तेवढाच भाग दुर्बिणीतूनच काढता येतो. दुर्बिणीच्या वेळी तपासणीसाठी अस्तराचे छोटे तुकडे जठराच्या खालच्या आणि वरच्या, दोन्ही भागांतून घ्यायला सांगा, एच. पायलोरीचीही तपासणी करून घ्या. गोळी मनाने बंद करू नका, तपासणीआधी किती दिवस थांबवायची ते डॉक्टरच सांगतील. मधेच शी डांबरासारखी काळी झाली किंवा वजन उतरायला लागलं तर तारखेची वाट न बघता लगेच दाखवा.