पोटमाळा म्हणजे नेमके काय?

प्रिय ओवी,

परवा आजी फोनवर म्हणाली की तुझी भातुकली पोटमाळ्यावर जपून ठेवली आहे, तेव्हा तू मला विचारलेस, "पोटमाळा म्हणजे आपल्या छपराखालची खोलीच ना?" तसे नाही.

छपराखालच्या जागेला नुसते माळा म्हणतात. कोकणातल्या कौलारू घरांत चुलीवरच्या माळ्यावर सुके नारळ आणि बियाणे ठेवत, कारण खालून धूर लागत राहिला की कीड दूर राहते. मुंबईत मात्र माळा म्हणजे मजला. आजीच्या पत्त्यात 'दुसरा माळा' असे लिहितो तेव्हा मोजणी तळमजला सोडून सुरू होते, आपल्याकडे अमेरिकेत होते तशी जमिनीपासून नव्हे.

पोटभाडेकरू किंवा पोटकलम या शब्दांत जसे मोठ्याच्या आतले लहान असा अर्थ आहे, तसा पोटमाळा हा खोलीच्या आत, तिच्याच उंचीतून काढलेला माळा असतो. मुंबईत इंग्रजांच्या काळी सरकारने बांधलेल्या बीडीडी चाळींतली खोली अवघ्या 160 चौरस फुटांची असे, आणि अशा चाळींत जागा लांबी-रुंदीला वाढवणे शक्यच नव्हते. म्हणून जिथे छत पुरेसे उंच असे तिथे लोक खोलीच्या अर्ध्या भागावर तुळया टाकून फळ्या ठोकत आणि भिंतीला शिडी लावत. आजीच्या पोटमाळ्यावर मांडी घालून बसता येते, उभे राहता येत नाही. तिथे जास्तीच्या गाद्या, गणपतीचे मखर, तांब्याचे घंगाळ आणि आजोबांची ट्रंक आहे. खाली पाहुण्यांच्या गप्पा रंगलेल्या असताना मी दहावीचा अभ्यास तिथेच पालथा पडून केला आणि तुझ्या काका-काकूंचा संसारही तिथेच सुरू झाला. ज्या घरात लावून घ्यायला दुसरे दारच नव्हते, त्या घरात प्रत्येकाला थोडा एकांत देण्याचे काम या फळ्यांनी केले, आणि म्हणून त्याला केवळ अडगळीची जागा म्हटलेले मला पटत नाही.

नव्या इमारतींत छत साधारण नऊ-दहा फुटांवर असल्याने त्यात पोटमाळा बसत नाही. न्हाणीघराच्या वर सामानासाठी जो कप्पा काढतात, त्यालाच आता माळा म्हणतात. वरळीत बीडीडी चाळींच्या जागी चाळीस मजली इमारती उभ्या राहिल्या असून त्यांतली घरे 500 चौरस फुटांची आहेत.

डिसेंबरात भातुकली काढायला वर चढण्याआधी आजीला पंखा बंद करायला सांग, कारण तो पोटमाळ्याच्या कठड्याच्या अगदी जवळ फिरतो.

तुझे बाबा