पीयूसी (बारावी) कॉमर्स झालीय, गणित नव्हतं. बीसीए (कॉम्प्युटरची तीन वर्षांची पदवी) घेऊ का, आणि 'बिझनेस इन्फर्मेशन सिस्टिम्स' म्हणजे तेच का?

तुम्ही खानापूर तालुक्यातले, दहावी मराठी माध्यमातून, आणि परदेशी विद्यापीठाच्या जाहिरातीत 'बिझनेस इन्फर्मेशन सिस्टिम्स अँड कॉम्प्युटिंग' हे नाव वाचून विचारताय. नाव वेगळं, कूळ एकच. तिकडे धंदा कसा चालतो यावर भर जास्त, आपल्याकडच्या बीसीएत सी, जावा, डेटाबेस जास्त आणि अकाउंटन्सी चवीपुरती. त्या अकाउंटन्सीकडे पोरं दुर्लक्ष करतात, आणि माझं दुखणं नेमकं तिथंच आहे.

मी 2009 चा बीसीए, बेळगावातलाच. तेव्हा पदवी धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाची मिळायची. राणी चन्नम्मा विद्यापीठ 2010 ला झालं. शेवटच्या सेमिस्टरला प्रोजेक्ट. वर्गातल्या बऱ्याच जणांनी 'लायब्ररी मॅनेजमेंट' रेडीमेड विकत आणला, बाइंडिंगसकट. मला खुमखुमी, म्हणून उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीचा (ओतकामाच्या कारखान्याचा) स्टॉक कॉम्प्युटरवर, व्हीबी आणि अ‍ॅक्सेसमध्ये घ्यायचं ठरवलं.

काम सोपं वाटलं. कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, रस्त्यापलीकडच्या लेथवाल्याकडे चलनावर (माल पाठवल्याच्या चिठ्ठीवर) जायचं, मशिनिंग होऊन परत यायचं. मी सगळं किलोत धरलं, कारण चलनावर किलो होते. महिन्याभराची चलनं भरून रिपोर्ट काढला तर 312 किलो माल कमी! माझी छाती फुगली. प्रिंट थेट मालकांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

मालकांनी स्टोअरकीपरला सगळ्यांसमोर बोलावून जे झापलं ते आठवलं की अजून कान गरम होतात. गोकाककडचा माणूस, पन्नाशीतला, वीस वर्षं तिथंच. तो काही बोलला नाही. जेवणाच्या सुट्टीत मला हाताला धरून लेथवर घेऊन गेला, मशीनखालचा बुरादा, म्हणजे कातून पडलेला धातूचा भुगा, ओंजळीत उचलला आणि माझ्या तळहातावर ओतला. कोमट होता, हात काळा झाला. म्हणाला, "तम्मा (कानडीत धाकटा भाऊ), हे बघ तुझं 312 किलो. तुझ्या कॉम्प्युटरनं मला चोर केलं की."

एक कास्टिंग जाताना 4 किलो 200 ग्रॅम, येताना 3 किलो 600. नग 520. गुणाकार तुम्हीच करा. बुराद्यासाठी माझ्या टेबलात रकानाच नव्हता.

घरी येऊन वडिलांना सांगितलं. ते रविवार पेठेत घाऊक किराण्याच्या दुकानात दिवाणजी होते, शिक्षण सातवी. कीर्दीतून मान वर न करता म्हणाले, "घट लिहिली नाहीस?" गुळाची ढेप पडून राहिली की वजन उतरतं, ते घट म्हणून खतावतात. पेठेतल्या पोऱ्याला ठाऊक असलेली गोष्ट मला तीन वर्षांत कुणी शिकवली नव्हती, आणि नॉर्मलायझेशनवर, म्हणजे डेटाबेसची टेबलं नीट विभागायच्या नियमांवर, मी पाठ करून चांगले मार्क मिळवले होते. दुसऱ्या दिवशी मी नग, वजन आणि घट असे वेगळे रकाने केले, नवा रिपोर्ट घेऊन मालकांकडे गेलो आणि चूक माझी म्हणून सांगितलं. स्टोअरकीपरला कुणी सॉरी म्हटलं नाही. मीही नीट म्हटलं नाही, खरं तर.

म्हणून आमच्या मामांसारखे लोक "बीसीए म्हणजे इंजिनिअरिंग न मिळालेल्यांचं" म्हणतात तेव्हा माझं डोकं फिरतं. त्यांचा मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअर, हुशार आहे, वाद नाही. पण 2017 ला जीएसटी आला तेव्हा मामांच्या वर्कशॉपचं जॉबवर्कचं (बाहेरून करून घेतलेल्या कामाचं) रजिस्टर कुणी बसवून दिलं? मी. जॉबवर्कला पाठवलेला माल वर्षाच्या आत परत आला नाही तर पाठवल्या दिवशीच विकला असं धरून कर लागतो. हे ज्याला कळतं तो कुठली चलनं लटकलीत ते डेटाबेसातून काढणारी क्वेरी लिहू शकतो. ज्याला नुसती क्वेरी येते त्याला काय शोधायचं हेच कळत नाही. तुम्ही कॉमर्सवाले आहात, अर्धं काम झालेलं आहे. ते लपवू नका.

कोडिंग झेपेल. रोज हाताने लिहिलं तर. इंग्रजीचं पहिलं सेमिस्टर जड जातं, नंतर सवय होते. कानडी मात्र बाजारापुरती तरी बोलायला शिका. इथल्या स्टोअरमधल्या माणसाला त्याच्या भाषेत विचारलं तर तो चलनाच्या मागे पेन्सिलीने लिहिलेलं पण दाखवतो. नोव्हेंबरच्या एक तारखेला, म्हणजे कर्नाटकाच्या राज्योत्सवाला आणि इथल्या मराठी लोकांच्या काळ्या दिवसाला, काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

आता दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. पुढे एमसीए (बीसीएच्या वरची पदवी) करायचं असेल तर बारावीला किंवा पदवीला गणित होतं का ते बहुतेक ठिकाणी विचारतात, त्यामुळे ज्या कॉलेजात बीसीएला गणिताचा पेपर आहे तेच घ्या. आणि कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या बीसीएला इंजिनिअरपेक्षा कमी पगारावर घेतात, हे मामांचं म्हणणं खरं आहे. मी त्यांच्यासमोर अजून कबूल केलेलं नाही.

परदेशातल्या पदवीची फी, हॉस्टेल वगैरे मला विचारू नका. मी डबा घेऊन सायकलने जायचो.