आईला नंतर नेता येईल का

तुझा प्रश्न काल रात्री वाचला आणि मग झोपच लागली नाही, म्हणून सकाळी उठून लिहितोय. चिपळूणहून यूकेला निघालायस, कंपनी स्किल्ड वर्कर व्हिसावर नेतेय, बायको आणि सहा वर्षांची मुलगी बरोबर, आई गावी एकटी, आणि विचारतोयस की पाच वर्षांत पीआर, म्हणजे कायमचं राहायचा परवाना, पक्का ना, मग आईला नेता येईल ना. पगार किती लागतो, फॉर्म कुठले, हे सगळं सरकारी साइटवर आहे, ते सांगत बसत नाही. मी दापोली तालुक्यातला, आंजर्ल्याचा. २०१० ला आलो तेव्हा हाच हिशोब मांडून आलो होतो.

बाबा नव्हतेच, आई साठीची. पाच वर्षांनी मला पीआर, तेव्हा ती ६५ ची, आणि तेव्हाचा नियम असा होता की विधवा आई ६५ ची असेल, मुलाच्या पैशावर जगत असेल आणि गावी बघणारं जवळचं कोणी नसेल तर तिला इथे कायमचं आणता येतं. मी आईला ओटीवर बसवून सांगितलं होतं, पाच वर्षं फक्त. जुलै २०१२ मध्ये तो नियम बदलला. आता काय सिद्ध करावं लागतं बघ, की म्हातारपणामुळे किंवा आजारामुळे आईला अंघोळ, कपडे, जेवण अशा रोजच्या गोष्टींना दुसऱ्याची मदत लागते, आणि ती मदत भारतात मुलाने पैसे पाठवूनही मिळत नाही. आई आज ७५ ची आहे, आगरात स्वतः शिपणं करते. ती धडधाकट आहे म्हणून माझ्याकडे येऊ शकत नाही. आणि उद्या अंथरुणाला खिळली तर म्हणतील बाई ठेवा, पैसे तर तुम्ही पाठवताच.

एवढंच कशाला, साधी सहा महिन्यांसाठी बोलवली तर पहिल्यांदा व्हिसाच नाकारला, गावी परत जाईल याला आधार काय म्हणे. घर आहे, आगर आहे, चाळीस नारळ आहेत, पण सातबारा सामायिक, त्यावर अजून आजोबांचं आणि काकांचं नाव, आईचं कुठेच नाही. बाबा गेल्यावर वारस नोंद कोणी केलीच नव्हती. ती करायला मला चार फेऱ्या माराव्या लागल्या, काकांच्या मुलांच्या सह्या, मृत्यूचा दाखला, रेशनकार्डावर नाव एक आणि पासपोर्टवर दुसरं. दुसऱ्या वेळी व्हिसा मिळाला. आली, दोन महिने राहिली आणि म्हणाली मला घरी सोड.

एकटेपणाचं विचारलंयस, त्याचं फार मनावर घेऊ नकोस, कामात दिवस जातो.

मुलीच्या शाळेचं मात्र मला अजून लागतं. इथे सप्टेंबरात शाळा सुरू होते आणि आपले गणपती नेमके तेव्हाच. २०१३ पर्यंत हेडमास्तर वर्षाला दहा दिवसांपर्यंत सुट्टी देऊ शकायचे, मग तो नियम काढला, आता फक्त अपवादात्मक कारण. २०१५ ला माझा पीआर झाला, मुलगी आठ वर्षांची, मी अर्ज दिला की घरचा गणपती आहे, आजी एकटी आहे. नाकारला. तरी गेलो, आल्यावर दोघांना दंडाची पत्रं, ६०-६० पौंड. पैशाचं काही नाही रे. मुलीला वर्गात विचारलं की तू गैरहजर का होतीस आणि ती ‘आजारी होते’ असं खोटं बोलली. त्यानंतर आम्ही तिला गणपतीला नेलीच नाही. आता ती अठराची आहे, आजीशी फोनवर ‘कशी आहेस’ च्या पुढे जात नाही, आणि हे मी केलंय.

इथले कायदे असेच, माणूस वाटेत असताना बदलतात. आमच्या वाडीतले एक आजोबा बोटीवर होते, सांगायचे की पन्नासच्या दशकात लंडनला उतरून राहणारे सरळ राहायचे. ते खरं आहे, १९४८ च्या कायद्याने कॉमनवेल्थच्या माणसाला तो हक्कच होता. १९६२ ला व्हाउचर आलं, म्हणजे कामासाठी येणाऱ्याला आधी सरकारी परवान्याची चिठ्ठी लागायला लागली. १९६८ ला केनियातल्या भारतीय वंशाच्या लोकांना हातात ब्रिटिश पासपोर्ट असताना अडवणारा कायदा तीन दिवसांत पास झाला. २००६ ला हायली स्किल्ड व्हिसावाल्यांची पीआरसाठीची चार वर्षांची पाच केली, आधीच येऊन राहिलेल्यांचीसुद्धा, ते कोर्टात गेले आणि जिंकले, पण मधली वर्षं त्यांची कोणी परत दिली नाहीत. आणि तू ज्या पाच वर्षांवर विसंबलायस त्यांची दहा करायचं इथल्या सरकारच्या मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत लिहिलंय. म्हणून पाच धरूच नकोस. पैशाचंही तसंच, मी आलो तेव्हा हेल्थ सरचार्ज, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यांसाठी व्हिसावाल्यांनी भरायचे पैसे, नव्हताच, २०१५ ला वर्षाला २०० पौंडांनी सुरू झाला, आता मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ आणि मुलाला ७७६, म्हणजे तुमच्या तिघांचे पाच वर्षांचे १४,२३० पौंड, तेही अर्जासोबत आगाऊ. कंपनी फक्त तुझे भरतेय की तिघांचे, हे लेखी घे.

मी पुढे इथला पासपोर्टही घेतला, भारतीय सोडला, ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयाला व्हिसाशिवाय भारतात येऊ देणारं कार्ड, आहे म्हणून निर्धास्त होतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. आमची अर्धी कौलं उडाली, पोफळी मुळासकट आडव्या झाल्या, चार दिवस आईचा फोन लागला नाही. ओसीआयवर भारतात यायची मुभा मार्चपासून थांबवलेली, मेच्या शेवटी ठराविक कारणांसाठी उघडली, त्यात घरात मृत्यू असेल तर येता येत होतं. मी रात्री दोनला ती यादी वाचत बसलो होतो. शेजारच्या मुलाने ताडपत्री घातली घरावर. गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती करतात तिथे, आमचा पाटसुद्धा आता तोच नेऊन देतो.

येऊ नकोस असं मी म्हणत नाही, मुलीला इथे पुढे बरंच मिळेल. पण आईला ‘पाच वर्षं फक्त’ असं सांगू नकोस. तिला सांग की बहुतेक नेता येणार नाही, आणि मग ती काय म्हणते ते नीट ऐकून घे, मी ते ऐकलंच नाही. वर्षातून कधी येणार ते आत्ताच ठरव, मे महिन्यात इथे शाळेला आठवडाभर सुट्टी असते. आणि निघायच्या आधी तलाठ्याकडे जाऊन सातबाऱ्यावर आईचं नाव आहे का बघ, नसेल तर वारस नोंदीचा अर्ज या आठवड्यातच टाक.