तर्कू म्हणा, तुर्क नव्हे

प्रश्न आहे: स्नायूच्या आत बसलेल्या मसल स्पिंडल या इवल्याशा संवेदक इंद्रियाला मराठीत काय म्हणावं, आणि ते ‘स्नायूवरचा ताण मोजतं’ असं लिहिलेलं बरोबर आहे का?

म्हणावं ‘स्नायुतर्कू’. आणि कृपा करून तर्कूच. पेशीविभाजनाच्या धड्यांत स्पिंडल फायबरसाठी ‘तुर्कतंतू’ इतक्यांदा छापलं गेलंय की मुलं तेच घोकतात. तुर्कांचा इथे काडीचा संबंध नाही. तर्कु म्हणजे सूत कातायची चाती, इंग्रजीत स्पिंडल. क्यूने या जर्मन शास्त्रज्ञाने १८६३ साली या इंद्रियाला चातीचं नाव दिलं ते आकार पाहून: काही मिलिमीटर लांब, मध्ये फुगीर, दोन्ही टोकांना निमुळतं.

पण खरी गंमत व्युत्पत्तीत आहे. यास्काने निरुक्त या शब्दव्युत्पत्तीच्या प्राचीन ग्रंथात तर्कु हा शब्द कातणे या अर्थाच्या ‘कृत्’ धातूपासून, आद्यंत अक्षरांची अदलाबदल होऊन झाला असं सांगितलंय. मला हे अजिबात मान्य नाही. लॅटिनमध्ये ‘टॉर्क्वेरे’ म्हणजे पिळणे, ग्रीकमध्ये ‘आट्राक्टोस’ म्हणजे चाती. त-र-क हा क्रम तिथेही जसाच्या तसा आहे, मग अदलाबदल झाली कुठे? म्हणजे यंत्रशास्त्रातला टॉर्क, फिरवणारा जोर, आपल्या तर्कूचा भाऊबंदच! माझ्या मते ‘तर्क’सुद्धा याच घरातला: विचाराला दिलेला पीळ. ज्यांना ‘तर्क’ आणि ‘तर्कु’ यांचे धातू वेगळे वाटतात त्यांनी अर्थाचा धागा नेमका कुठे तुटतो ते दाखवावं.

आणि पीळ स्नायुतर्कूच्या पोटातही आहे, क्यूनेच्या मनात नसला तरी. आतल्या बारीक तंतूंच्या मध्यावर चेतातंतूचं टोक वेटोळी घालून बसलेलं असतं. स्नायू लांबला की वेटोळी फाकतात, चेतातंतूच्या पटलातली पिएझो-२ प्रथिनांची दारं उघडतात आणि संदेश सुटतो.

राहिला ‘ताण’. मराठीत ताणणे म्हणजे लांबवणे आणि ताण म्हणजे ओढ, तिथेच घोटाळा होतो. भिंत जोर लावून ढकला: ओढ प्रचंड, लांबी जवळपास तीच. तर्कू खबर देतो ती लांबीची आणि ती किती झपाट्याने बदलतेय याची. ओढीची खबर देणारं गॉल्जी इंद्रिय वेगळं, ते स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरेपाशी असतं. तिथे चेतातंतूचे फाटे कोलॅजेन या चिवट प्रथिनाच्या विणीत गुंतलेले असतात. ओढ बसली की वीण सरळ होते आणि ते चिमटले जातात. तेव्हा तर्कूबद्दल ‘लांबी’ लिहा, ‘ताण’ खोडा.