कीबोर्डच्या पट्ट्या साफ करताना

आधी बंद करा आणि अडॅप्टर काढा. चालू वाद्यावर ओला कपडा फिरवायचा नाही.

रोजच्या धुळीला कोरडा मऊ कपडा पुरतो. बोटांचा चिकटपणा असेल तर कपडा पाण्यात भिजवून घट्ट पिळा आणि पट्टीच्या लांबीच्या दिशेने, आतून आपल्याकडे ओढत पुसा. आडवं पुसलंत तर पाणी आणि मळ दोन्ही फटीत उतरतात. पाणी थेट शिंपडू नका. थिनर, पेट्रोल तर नकोच, त्याने प्लॅस्टिक कायमचं खराब होतं.

एखादी पट्टी वाजतच नसेल किंवा हलकं दाबूनही एकदम जोरात वाजत असेल, तर वरून पुसून उपयोग नाही. टचला प्रतिसाद देणाऱ्या बहुतेक कीबोर्डांत प्रत्येक पट्टीखाली रबराचे दोन संपर्क असतात. ते एकापाठोपाठ टेकतात आणि मधल्या वेळेवरून तुम्ही किती जोरात वाजवलं ते वाद्याला कळतं. तिथे धूळ बसली की हिशोब चुकतो. उपाय म्हणजे कीबोर्ड उघडून, संपर्कांचा रबरी पट्टा काढून सर्किटवरचे काळे ठिपके आयसोप्रोपिल अल्कोहोलने अगदी हलक्या हाताने पुसणं. घासलंत तर कार्बनचा थरच निघेल.

पण वॉरंटी असताना उघडू नका, आणि पहिल्यांदा जाणकाराला शेजारी बसवा. प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात.

आणि वाजवून झालं की झाकून ठेवा. मी हे फार उशिरा सुरू केलं.