वाचकांचे प्रश्न : वैद्याच्या जुन्या वहीचे वय

प्रश्न : महालातल्या आमच्या वाड्यात पणजोबांची औषधांची वही सापडली. घरात तीन पिढ्या वैद्यकी होती. मजकूर बहुतेक मोडीत आहे. ‘चोपचिनी’, ‘फिरंग’, ‘कोयनेल’, ‘सोमल’ एवढे वाचता येते; वजने ‘२। मासे’ अशी आहेत. साल कुठेच नाही. वही किती जुनी असेल? यातली औषधे करून पाहावीत का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : आधी ‘२।’ बघू, कारण सगळ्यात जास्त घोटाळा तिथेच होतो. हे एकवीस नव्हे, सव्वादोन. आकड्यापुढची एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन रेघा म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. शंका आली की त्याच पाठातली, म्हणजे औषधाच्या कृतीतली, बाकीची वजने ताडून पाहा. सुंठ, मिरे, पिंपळी प्रत्येकी ३ मासे असताना हिंग २१ मासे कसा असेल?

८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा. १८३३ मध्ये कंपनी सरकारने तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा ठरवला. त्या हिशेबाने मासा ०.९७ ग्रॅम. त्याआधीच्या नोंदींना हे गणित डोळे झाकून लावू नका. तोळा गावोगावी थोडा कमीजास्त असे. शेर तर त्याहून फसवा, कारण तो कुठे वजन असतो, कुठे माप.

आता वय. फिरंगरोग (उपदंश) आणि त्यावरची मुळी चोपचिनी सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ या आयुर्वेदाच्या ग्रंथात आहेत, म्हणून त्यांवरून फारसे हाती लागत नाही. कोयनेल, म्हणजे हिवतापावरचे क्विनाईन, मात्र कामाचे. ते सिंकोना झाडाच्या सालीतून १८२० मध्ये वेगळे काढले गेले आणि निलगिरीत त्या झाडाची लागवड १८६० नंतर सुरू झाली. तेव्हा ते पान बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले किंवा नंतरचे. पण ते पान, अख्खी वही नव्हे! अशा वह्या बाप, मुलगा, नातू भरत जातात. अक्षराचे वळण कुठे बदलते, बोरूची जाड-बारीक रेघ संपून टाकाची एकसारखी बारीक रेघ कुठे सुरू होते, हे पानागणिक टिपा. कागद उजेडासमोर धरा. गिरणीच्या कागदात कधी कधी जलचिन्हासोबत सालही दिसते. कुठे शके सापडला तर ७८ मिळवा. जानेवारी ते पाडव्याआधीची तिथी असेल तर ७९.

देवी-गोवराच्या पानांवर शीतलेचे स्तोत्र, अंगारा, तोडगे असतील तर नक्कल करताना ते कृपया गाळू नका. वैद्य रोग्याच्या घरी काय सांगत होता, ते तिथेच कळते.

औषधे करून पाहू नका. सोमल म्हणजे संखिया, जहाल विष. अशी द्रव्ये आधी शुद्ध करून घ्यावी लागतात आणि ती कृती वहीत बहुधा नसते. शिष्य ती हाताखाली शिकत असे, वही फक्त आठवणीपुरती. फाटक्या पानांना चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. शेजारी मोजपट्टी ठेवून प्रत्येक पानाचा फोटो काढा, कोरी पानेसुद्धा, आणि मग मोडीच्या जाणकाराकडे जा.